खोक्यात परत आलेल्या खुंट्या : एका कट्ट्याचं प्रकरण

हे प्रकरण एका शहरातल्या सार्वजनिक वाचनालयासमोरच्या मोकळ्या जागेचं आहे. माणसं आणि जागा ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र घडले तसेच ठेवले आहेत. मी तिथे स्केटबोर्डिंग करणाऱ्या गटातला. पत्रं लिहिणं आणि बैठकांना जाणं माझ्याकडे होतं, त्यामुळे सगळे कागद हाताशी आहेत. या प्रकरणाची एक गमतीदार बातमी झाली होती आणि ती खूप लोकांनी एकमेकांना पाठवली. त्या बातमीत जे आलं, ते या सगळ्या प्रकरणात सर्वांत कमी महत्त्वाचं होतं असं माझं ठाम मत आहे. बाकीचं कुठेच आलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

पार्श्वभूमी

वाचनालयासमोर मोठं फरसबंद अंगण आहे आणि त्याच्या एका कडेला ग्रॅनाइटचा लांब कट्टा. गुडघ्याहून कमी उंच, वरचा दगड पॉलिश केलेला, कड अगदी काटकोनात. समोर गुळगुळीत फरशी, वेग घ्यायला पुरेशी जागा आणि संध्याकाळी लख्ख उजेड. बांधणाऱ्यांनी तो लोकांना टेकायला बांधला होता. स्केटरच्या दृष्टीने मात्र इतकी चांगली लेज, म्हणजे बोर्ड घसरवता येईल अशी कड, सहज सापडत नाही.

यामागचं थोडं तंत्र सांगतो, कारण पुढचे वाद त्याशिवाय कळणार नाहीत. बोर्डाची शेपटी पायाने जमिनीवर आपटून, हात न लावता बोर्ड हवेत उचलण्याला ऑली म्हणतात. 1970च्या दशकाच्या शेवटी फ्लोरिडातल्या अॅलन गेल्फंडने तो उताराच्या गोलाकार भिंतींवर रूढ केला आणि 1980च्या दशकाच्या सुरुवातीला रॉडनी मुलनने तो सपाट जमिनीवर आणला. सपाट जमिनीवरून उडी मारता यायला लागली तेव्हा पायऱ्या, कठडे, बाक हे सगळंच स्केटिंगच्या कक्षेत आलं. कट्ट्यावर उडी घेऊन बोर्डाखालचे दोन्ही ट्रक, म्हणजे चाकं धरणारे अॅल्युमिनियमचे सांगाडे, दगडाच्या कडेवर टेकवायचे आणि घसरत जायचं, याला ग्राइंड म्हणतात. कोरड्या दगडावर ट्रक अडकतो आणि माणूस तोंडावर आपटतो. म्हणून कडेला मेण घासतात. साधी मेणबत्तीही चालते. मेण, झिजलेलं अॅल्युमिनियम आणि धूळ मिळून कडेवर चकचकीत काळा पट्टा तयार होतो. स्केटरला तो पट्टा दिसला की बरं वाटतं. बाकीच्यांना ती घाण वाटते, आणि तसं वाटण्यात त्यांचं काही चुकत नाही.

आमचा गट म्हणजे काही संघटना नव्हती. संध्याकाळी जमणारी पोरंपोरी, त्यातली काही शाळकरी, काही नोकरी करणारी. नव्याने शिकणाऱ्या मुली इथे जास्त येत, कारण उजेड होता, माणसांची वर्दळ होती आणि फाटकावर पहारेकरी काका होते. कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला रोजची बसणारी मंडळी असत. त्यातले एक आजोबा नातीला वाचनालयात सोडून ती बाहेर येईपर्यंत तिथेच बसत. कुणी पडलं की मान वर करून बघत, उठलेलं दिसलं की पुन्हा पेपरात डोकं घालत. बरीच वर्षं दोन्हीकडचा हा शेजार बिनबोभाट चालला.

अडचण

वाचनालयात तक्रारवही असते. त्यात आमच्याबद्दल बऱ्याच नोंदी झाल्या होत्या, पण त्या आमच्यापर्यंत कधी पोचल्याच नाहीत. पुढे बैठकीत वही बघायला मिळाली तेव्हा कळलं की तक्रारी तीन वेगवेगळ्या होत्या. पहिली आवाजाची: अभ्यासिकेत बसणाऱ्यांना खडखडाट सहन होत नव्हता. दुसरी सुटलेल्या बोर्डाची: ट्रिक फसली की बोर्ड पायाखालून निसटतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या घोट्यावर आदळतो. तिसरी कट्ट्याची: कडेचे टवके उडाले होते आणि बसणाऱ्यांच्या कपड्यांना काळं लागत होतं.

या तिसऱ्या तक्रारीतली एक नोंद आजोबांची होती. फिक्या रंगाची पँट, मांडीमागे आडवा काळा डाग, धुऊनही न गेलेला. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं की बंदीही मागितली नव्हती. ‘कट्टा पुसून घ्यावा’ एवढंच लिहिलं होतं.

व्यवस्थापनाने तिन्ही तक्रारींची एकच तक्रार केली, ‘स्केटिंगचा त्रास’, आणि तिच्यावर एकच उपाय ठरवला. एका सकाळी कट्ट्याच्या कडेला ठरावीक अंतराने स्टीलच्या खुंट्या बसवलेल्या दिसल्या. जगभर ठिकठिकाणी अशा खुंट्या बसवतात आणि स्केटिंग थांबवायच्या कामी त्या चोख असतात, कारण ट्रक घसरत येऊन पहिल्याच खुंटीला अडतो. पण त्यासाठी दगडात भोकं पाडावी लागतात, त्या भोकांतून पाणी आत जातं आणि बसणाऱ्याच्या मांडीला स्टील टोचतं. त्या संध्याकाळी आम्ही नुसते उभे होतो. थोड्या वेळाने लक्षात आलं की रोजची बसणारी मंडळीही उभीच आहेत.

खोका

काही दिवसांनी पहाटे पहारेकरी काकांना फाटकाशी बुटांचा रिकामा खोका ठेवलेला दिसला. आत सगळ्या खुंट्या, पुसून, वर्तमानपत्राच्या तुकड्यांत एकेक गुंडाळलेल्या. स्क्रू वेगळ्या पिशवीत. वर चिठ्ठी: ‘मोजून घ्या. सगळ्या आहेत.’ कट्ट्यावरची भोकं गाड्यांचे पोचे भरायला वापरतात त्या पुट्टीने भरून, घासून सपाट केलेली. काम इतकं सफाईचं होतं की हात फिरवल्याशिवाय भोकं कळत नव्हती.

हे कुणी केलं ते आजही कुणाला माहीत नाही. फुटलेल्या काँक्रीटमध्ये पुट्टी भरायची सवय स्केटर्सना असते, त्यामुळे संशय आमच्यावर येणं साहजिक होतं. गटात सगळ्यांना विचारलं, कुणीही हो म्हणालं नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, पण बाहेरच्या माणसाने तो ठेवावा असं काही माझ्या हातात नव्हतं.

बातमी

खोक्याचा आणि चिठ्ठीचा फोटो कुणीतरी काढला आणि दुपारपर्यंत बातमी झाली. ‘सभ्य चोर’ असा मथळा होता. वाचून लोक हसले, त्यांना ते आवडलं, स्केटर्सबद्दल बरं बोलायला लागले. एरवी स्केटबोर्ड बातमीत येतो तो दोनच वाटांनी: एक तर तक्रार म्हणून, नाहीतर नवल म्हणून. 2015 मध्ये लिमा शहरात ओट्टो नावाचा बुलडॉग स्केटबोर्डवरून 30 माणसांच्या फाकवलेल्या पायांखालून गेला आणि त्याचा गिनीज विक्रम झाला, ती बातमी जगभर फिरली. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच खेळात चीनची झेंग हाओहाओ 11 वर्षांची होती आणि ब्रिटनचे अँडी मॅकडोनाल्ड 51 वर्षांचे, हेही नवल म्हणूनच छापून आलं. स्केटर जमतात अशा कुठल्याही जागी जाऊन बघा. अकरा वर्षांचं पोर आणि पन्नाशीचा माणूस पाळीपाळीने त्याच कट्ट्यावर ट्रिक करत असतात, एकमेकांना बोर्ड आपटून दाद देतात, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. आमच्या खोक्याची बातमीही याच नवलाच्या वाटेने गेली. तक्रारवही, टोचणाऱ्या खुंट्या, अभ्यासिका यांतलं काहीच तिच्यात नव्हतं.

त्यापेक्षा गंभीर गोष्ट फोटोची. मजकुराबरोबर गटातल्या एका चौदा वर्षांच्या मुलाचा जुना फोटो होता, त्याने स्वतःच कधीतरी टाकलेल्या क्लिपमधून घेतलेला. चेहरा स्वच्छ दिसत होता. वर मथळा ‘सभ्य चोर’ आणि खाली हा मुलगा. बातमीने त्याला कुठेही चोर म्हटलेलं नव्हतं, पण वाचणाऱ्यांनी दोन्हीची सांगड घातली. शाळेत त्याला विचारणा झाली, घरी बोर्ड काढून घेतला. बातमीवर जग हसत होतं तेव्हा तो घराबाहेर पडत नव्हता. मला या प्रकरणात सर्वांत जास्त टोचलं ते हे.

पहिला निर्णय : बोलायचं काय आणि कुठे

त्या रात्री गट एकत्र बसला. समोर चार वाटा होत्या आणि प्रत्येकीच्या बाजूने कुणी ना कुणी बोललं.

लहान पोरांचं म्हणणं, लोक आपल्या बाजूने आहेत, कट्टा मोकळा झाला आहे, उद्याच जोरदार सेशन करून क्लिप टाकू. दुसरं मत सरळ जागा बदलण्याचं होतं. तिसरं गप्प बसण्याचं, वादळ जाईल आपोआप. चौथं वाचनालयाकडे जाऊन बोलण्याचं. ते मांडलं आमच्यातल्या ताईंनी, ज्या नवीन मुलींना शिकवतात.

क्लिप टाकावी म्हणणाऱ्या मुलाच्या फोनमध्ये एडमंड बेकन यांचा फोटो होता आणि त्याने तो पुराव्यासारखा पुढे केला. फिलाडेल्फियाचा लव्ह पार्क हा स्केटिंगच्या इतिहासातला अतिशय लाडका चौक. नगररचनाकार बेकन यांनी त्याची मूळ कल्पना विद्यार्थी असताना मांडली होती. 2002 मध्ये शहराने तिथली स्केटिंगबंदी कडक केली. त्याच वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी एक्स गेम्स ही मोठी स्पर्धा याच शहरात भरली होती. ऑक्टोबर 2002 मध्ये 92 वर्षांचे बेकन हेल्मेट घालून, दोन्ही बाजूंनी माणसांचा आधार घेत, त्या चौकात बंदी मोडून स्केटबोर्डवर उभे राहिले. फोटो आजही बघताना छाती भरून येते.

पण बंदी उठली नाही, हे त्या रात्री ताईंनी शांतपणे सांगितलं. 2004 मध्ये डीसी शूज कंपनीने चौकाच्या देखभालीसाठी दहा लाख डॉलर देऊ केले, तेही शहराने घेतले नाहीत. 2016 मध्ये चौक पाडून नव्याने करण्याआधी काही दिवस अधिकृत परवानगी मिळाली, तेवढीच. त्याउलट लंडनमधल्या साउथबँकच्या अंडरक्रॉफ्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, जिथे 1970च्या दशकापासून स्केटिंग चालतं, 2013 मध्ये त्या जागी दुकानं उघडायची योजना आली तेव्हा स्केटर्सनी जागेवरच टेबल मांडलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्या घेतल्या, नगररचनेच्या प्रक्रियेत रीतसर हरकती नोंदवल्या. 2014 मध्ये जागा कायम ठेवण्याचा करार झाला आणि 2019 मध्ये बंद पडलेला भागही दुरुस्त होऊन उघडला. टेबल मांडून बसणाऱ्यांचा फोटो बेकन यांच्या फोटोइतका देखणा नसेल, पण जागा त्या टेबलामुळे वाचली.

शेवटी ठरलं ते असं. वाचनालयाला पत्र द्यायचं. त्यात खुंट्या आम्ही काढल्या नाहीत आणि कुणी काढल्या ते माहीत नाही, हे एकदाच स्पष्ट लिहायचं. बातमीदारांना मुलाखत द्यायची नाही, मात्र त्या मुलाचा फोटो काढून टाकायची लेखी मागणी करायची. आणि बैठक होईपर्यंत मोकळ्या झालेल्या कट्ट्यावर कुणीही स्केट करायचं नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत जड गेला. डोळ्यांसमोर मोकळी लेज आणि हात लावायचा नाही. एका संध्याकाळी बाहेरून आलेल्या अनोळखी स्केटरने खिशातून मेण काढलं आणि कडेला घासायला सुरुवात केली. ताई त्याच्याजवळ जाऊन खाली बसल्या, काय चाललं आहे ते सांगितलं. त्याने ऐकलं आणि स्वतःच फडकं मागून मेण पुसलं. त्या दिवशी फाटकावरून काका हे बघत होते, आणि पुढे बैठकीत त्यांनी ते सांगितलं. आमच्या पत्रापेक्षा त्यांच्या सांगण्याचा परिणाम जास्त झाला असं मला वाटतं.

फोटोच्या मागणीला उत्तर यायला वेळ लागला. मूळ बातमीतून फोटो काढला गेला, पण तोवर त्याच्या प्रती पसरल्या होत्या आणि त्या परत आणता येत नाहीत. मुलाच्या घरी आम्ही दोघं जाऊन आलो. त्याच्या आईने एकच प्रश्न विचारला, “तुमच्यातली मोठी माणसं तेव्हा कुठे होती?” तिला देण्यासारखं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

बैठक आणि आवाजाची परीक्षा

बैठकीला ग्रंथपाल मॅडम, व्यवस्थापनाचे दोन सदस्य, पहारेकरी काका, कट्ट्यावर बसणाऱ्यांपैकी आजोबा आणि आणखी एक काकू, आणि आमचे तिघं. सुरुवात चांगली नव्हती. सदस्यांना संपूर्ण बंदी हवी होती. “बंदी घातली की येणं आपोआप थांबतं,” असं एकजण म्हणाले. हा समज सगळीकडे असतो. नॉर्वेने 1978 ते 1989 अशी जवळपास अकरा वर्षं स्केटबोर्डवर देशभर बंदी घातली होती, आणि त्या काळात मुलं रानात लपवून रॅम्प बांधत होती. बंदीने खेळ संपला नाही, तो नजरेआड गेला, म्हणजे जास्त धोक्याच्या जागी गेला. आम्ही हे सांगितलं, पण मला नाही वाटत की त्याने कुणाचं मत बदललं.

मत बदललं ते काकांच्या एका वाक्याने. ते म्हणाले, “आवाज कट्ट्याचा नाहीच मॅडम, आवाज त्या खिडकीखालच्या वाटेचा आहे.”

फाटकापासून कट्ट्याकडे येणारी एक वाट अभ्यासिकेच्या खिडक्यांखालून जाते. तिथे मोठी फरशी नाही, छोट्या चौकोनी फरश्या आहेत आणि त्यांच्यामध्ये खोल सांधे. ट्रिक करायच्या बोर्डाची चाकं लहान आणि कडक असतात. कडकपणा मोजायच्या मापात साधारण 99ए. नुसतं फिरायच्या बोर्डाची चाकं 78ए च्या आसपास, मऊ. कडक चाक प्रत्येक सांध्यावर आदळतं, चार चाकं, फरशीमागे फरशी.

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, चला बघू. त्या आणि आजोबा अभ्यासिकेत जाऊन बसले. ताईंनी आधी कट्ट्याच्या लांबच्या टोकाला ऑली मारल्या, बोर्ड मुद्दाम आपटला, ग्राइंड केला. मग खिडकीखालच्या वाटेवरून नुसती एक चक्कर मारली, काहीही ट्रिक न करता. मी मॅडमच्या मागे उभा होतो. पहिला आवाज आत आला तो लांबून, ठक्क, मग शांतता. दुसऱ्या वेळी खिडकीची काच थरथरली आणि कडकडकडकड असा आवाज एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेला. वाचणाऱ्या तीन-चार माना एकदम वर झाल्या. मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही येता आणि जाता तेव्हाच त्रास होतो?”

बाकीच्या बैठकीचा सूरच त्यानंतर बदलला.

पर्याय

तक्रारी पुन्हा सुट्या केल्यावर प्रत्येकीसाठी वेगळा विचार करता आला.

खुंट्या पुन्हा बसवणं हा पर्याय काकूंनीच मोडीत काढला. त्यांना गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही, कट्टा हा त्यांचा एकमेव आधार आहे. पहारेकऱ्याने हुसकावत राहायचं यालाही अर्थ नव्हता, कारण काका एकटे आणि त्यांना फाटक सोडता येत नाही.

सदस्यांचा आवडता पर्याय म्हणजे शहराबाहेर स्केटपार्क मागा. स्केटपार्क हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण तो इथला पर्याय होऊ शकत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घरचे अंधार पडताना शहराबाहेर पाठवणार नाहीत. इथे पाठवतात, कारण इथे माणसं आहेत. शिवाय रस्त्यावरचं स्केटिंग हे दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या जागेशी जमवून घेण्याचा खेळ आहे. शहरंही हे ओळखायला लागली आहेत. स्वीडनमधलं माल्मो शहर सार्वजनिक जागा आखतानाच स्केटिंगचा विचार करतं. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये पुलाखालचं बर्नसाइड हे स्केटपार्क 1990 मध्ये स्केटर्सनी विनापरवाना बांधायला घेतलं आणि पुढे शहराने ते मान्य केलं.

मऊ चाकं सक्तीची करावीत असंही सुचवलं गेलं. मऊ चाक आवाज कमी करतं हे खरं, पण ते फरशीला धरून ठेवतं, आडवं घसरत नाही, आणि कट्ट्यावरच्या ट्रिक अवघड होऊन पडण्याचं प्रमाण वाढतं. हा पर्याय बाजूला पडला.

राहिली वाटणी. वेळेची की जागेची, यावर बराच खल झाला. वेळेची वाटणी कागदावर सोपी दिसते, पण बसणारे आणि स्केट करणारे दोघांचीही वेळ संध्याकाळचीच. जागा वाटायचं ठरलं.

काय केलं

खिडकीखालच्या वाटेवर बोर्ड हातात घेऊन चालायचं. हा नियम त्याच दिवसापासून, आणि पाटी लावायच्या आधी गटाने पाळायला सुरुवात केली.

कट्ट्याचा लांबचा तिसरा हिस्सा स्केटिंगला. तिथल्या कडेला लोखंडी अँगल बसवला. दगडाची काटकोनी कड ट्रकच्या माऱ्याने फुटते, अँगल तो मारा स्वतःवर घेतो. शिवाय लोखंडावर ट्रक सहज घसरतो, त्यामुळे मेण अगदी थोडं लागतं. फॅब्रिकेशनवाल्याला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगाव्या लागल्या: स्क्रूचं डोकं पृष्ठभागात पूर्ण बुडलं पाहिजे आणि अँगलची बाहेरची कड ग्राइंडरने गोलसर झाली पाहिजे. हे सांगितलं नाही तर अँगल सुरीसारखा होतो आणि नडगी फाडतो. वर्गणी गटाने काढली.

उरलेल्या दोन हिश्श्यांवर मेण नाही, बोर्ड नाही. जुना काळा पट्टा आम्ही पोरांनी गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासून काढला. आधी मेण प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, मग घासायचं. उलट केलं की मेण दगडभर पसरतं. आजोबा बाजूला उभे राहून दाखवत होते, इथे राहिलंय, तिथे राहिलंय. एकदा वाकून बोटाने दगड पुसला, बोट बघितलं आणि बसले.

सुटणाऱ्या बोर्डासाठी दिशा ठरवली. ट्रिक नेहमी अंगणाच्या भिंतीकडे तोंड करून, म्हणजे निसटलेला बोर्ड भिंतीवर जातो, माणसांवर नाही. शाळकरी मुलांना हेल्मेट सक्तीचं. अल्पवयीन मुलांच्या क्लिप घरच्यांना विचारल्याशिवाय टाकायच्या नाहीत, आणि त्यात जागेचं नाव द्यायचं नाही.

परिणाम

ठरावीक मुदतीसाठी केलेली व्यवस्था मुदत संपल्यावर व्यवस्थापनाने पुढे चालू ठेवली. आवाजाच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या. परीक्षेच्या दिवसांत लवकर आटपायचं, हे नंतर गटाने आपणहून ठरवलं. कपड्यांना काळं लागल्याची नोंद पुन्हा एकदा आली. बाहेरच्या कुणीतरी बसायच्या भागावर मेण लावलं होतं. या वेळी मॅडमनी वहीतल्या नोंदीचा फोटो थेट आमच्या ग्रुपवर पाठवला आणि त्याच संध्याकाळी दगड साफ झाला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न बैठकीत तीनदा निघाला आणि तीनदा पुढे ढकलला गेला. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी पाटी लावली आहे, पण तेवढ्याने भागेल असं मला वाटत नाही. शहराबाहेरच्या कुठल्याशा जागेकडे जाणारे गटातले दोघंतिघं आता इथे येत नाहीत. नियमांची जागा त्यांना नको होती. त्यांचं म्हणणं मला पटत नसलं तरी कळतं.

समेटाची बातमी करायला तेच बातमीदार परत आले. त्यांना आजोबा बोर्डवर उभे राहिलेले हवे होते. आजोबांनी हात हलवून नाही म्हटलं. “मी इथे बसायला येतो,” म्हणाले. मग कुणीच फोटो दिला नाही आणि ती बातमी आलीच नाही.

तो चौदा वर्षांचा मुलगा बऱ्याच उशिरा परत आला, आईला घेऊन. ती पहिल्या दिवशी पूर्ण वेळ कट्ट्यावर बसून होती.

वेगळं काय करता आलं असतं

तक्रारवही हे या प्रकरणातलं सर्वांत सोपं आणि सर्वांत वाया गेलेलं साधन. नोंदी येत होत्या तेव्हाच मॅडमनी काकांकरवी निरोप धाडला असता, तर मेणाचा प्रश्न एका संध्याकाळी सुटला असता. खुंट्यांचा खर्च, दगडातली भोकं, खोका, बातमी यांतलं काहीच घडलं नसतं. दुसरी बाजूही तितकीच खरी. गट वर्षानुवर्षं तिथे होता, पण व्यवस्थापनात कुणाशी बोलायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्या जागेवर रोज पडतो-उठतो, तिथल्या माणसाला जाऊन एकदा आपलं नाव सांगणं हे काम खुंट्या यायच्या आधीचं आहे.

आवाजाची परीक्षा खुंट्या बसवण्याआधी करता आली असती. तिला लागलं एक बोर्ड आणि दोन खुर्च्या. कुठल्याही इमारतीत अशी तक्रार आली तर सर्वांत आधी हेच करावं असं मी आता प्रत्येकाला सांगतो, कारण जो आवाज त्रास देतो तो बहुतेक वेळा ट्रिकचा नसून फरशीचा असतो.

खुंट्या काढणाऱ्याबद्दल माझं मत गटातल्या अनेकांना आवडत नाही. काम सुबक होतं, चिठ्ठी सभ्य होती, आणि त्या खोक्यामुळेच बैठक झाली असं ते म्हणतात. मला दिसतं ते असं, की ज्याने हे केलं तो मोकळा राहिला आणि त्याचा भार एका मुलाने उचलला. निनावी धाडस करणाऱ्याने, आपल्यानंतर संशय कुणावर जाईल याचा विचार करायला हवा होता. चिठ्ठीत ‘इथे स्केट करणाऱ्यांना याची कल्पना नाही’ एवढं एक वाक्य असतं, तरी फरक पडला असता.

फोटोच्या बाबतीत गटाने बातमी येण्याआधीच नियम करायला हवा होता. लहान मुलं क्लिप टाकतात, मोठी माणसं त्यांना दाद देतात आणि तिथेच विषय संपतो. आता क्लिप टाकायच्या आधी ताई बघतात. पोरांना ते जाचक वाटतं आणि त्यावर अजून कुरबुर चालू असते.

पुढच्या आढाव्यासाठी तीन विषय लिहून दिले आहेत: जबाबदारीचा लेखी करार, नव्याने शिकणाऱ्या मुलींसाठी आठवड्यातला राखीव तास आणि अँगलचा मधला जोड, जो पावसानंतर किंचित वर आला आहे आणि ट्रकला अडतो. शेवटचा विषय आढाव्यापर्यंत थांबणार नाही. फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं आहे, आणि तोवर त्या जोडावर पिवळी पट्टी चिकटवून ठेवली आहे.